दगडावरची नावे

(सहल म्हटली की आपल्याला दूरची मोठी शहरे आठवतात. आपल्या जवळचे लहान गाव कसे पाहावे, तेथे काय पाहावे आणि पाहताना कसे वागावे, हे या पाठात रोहा आणि पेण या दोन गावांच्या उदाहरणाने सांगितले आहे.)

"यंदा सहल कुठे न्यायची?" असे मी वर्गात विचारले. लगेच उत्तरे आली. कोणी आग्रा म्हणाले, कोणी महाबळेश्वर, तर कोणी मुंबईची राणीची बाग. मी म्हणालो, "यंदा आपण रोहा पाहू या." वर्गात एकदम हशा पिकला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, रोहा तर आम्ही रोज पाहतो. तिथे पाहण्यासारखे काय आहे?"

मुलांनो, त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आपण ज्या रस्त्याने रोज जातो, तो रस्ता आपण पाहत नाही. आपण नुसते त्यावरून चालतो. पाहणे वेगळे आणि चालणे वेगळे.

मी त्यांना एका परदेशी गावाची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडच्या दक्षिणेला डी नावाच्या नदीकाठी कर्कूब्री हे लहानसे गाव आहे. वस्ती अवघी काही हजारांची. गावात सोळाव्या शतकातला एक किल्लेवजा वाडा आहे. त्याचे छप्परही आता उरलेले नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही चित्रकार या गावात येऊन राहिले. त्यांपैकी हॉर्नेल नावाच्या चित्रकाराचे घर आता लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. एवढ्या भांडवलावर ते गाव 'कलावंतांचे गाव' म्हणून ओळखले जाते आणि दूरदूरचे लोक तेथे मुद्दाम जातात. नदी, पडका वाडा आणि कलावंतांची घरे, एवढेच तेथे आहे. आता सांगा, आपल्याकडे नदी नाही का? किल्ला नाही का? कलावंत नाहीत का?

वर्ग शांत झाला. आम्ही ठरवले की लांबची एक सहल काढण्याऐवजी जवळच्या तीन सहली काढायच्या. तीन रविवार, तीन ठिकाणे. प्रत्येकाने वही आणि पेन्सिल बरोबर घ्यायची आणि जेथे जेथे एखादे नाव दिसेल किंवा ऐकू येईल, ते वहीत लिहायचे.

पहिला रविवार : नदी, गाव आणि गड

रोहा हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. ते कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. पलीकडच्या काठावर अष्टमी आहे. कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, पण कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असते. याचे कारण मोठे गमतीचे आहे. घाटावर मुळशीचे धरण आहे. तेथले पाणी खरे म्हणजे पूर्वेकडे वाहत जाऊन शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचे. ते पाणी मोठ्या नळांतून सह्याद्रीच्या खाली भिरा येथे आणले आहे. त्यावर १९२७ सालापासून वीज तयार होते. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सोडतात. म्हणजे पूर्व समुद्राचे पाणी पश्चिम समुद्राला जाते, आणि ते आपल्या गावावरून जाते!

गावातून फिरताना मुलांनी वडीलधाऱ्या माणसांना प्रश्न विचारले. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या देवळाजवळ एका आजोबांनी सांगितले, की दसऱ्याच्या उत्सवात पालखी निघते तेव्हा पोलीस शस्त्रांसह मानवंदना देतात. रेल्वे स्टेशनवर आम्हांला कळले, की कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो आणि १९९८ साली तो पूर्णपणे खुला झाला.

मग मी एक नाव सांगितले : चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला, आणि बालपण रोह्यात गेले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले व त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. त्या काळच्या नोटांवर त्यांची सही असे. रोह्यात वाढलेल्या मुलाचे नाव देशभरातल्या लोकांच्या हातांतून फिरत होते! १९५० पासून ते भारताचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. एवढ्या कामात त्यांनी कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठीत पद्यानुवादही केला.

पांडुरंगशास्त्री आठवले हेही रोह्याचेच. त्यांचा जन्म येथे १९२० साली झाला. त्यांनी स्वाध्याय परिवाराचे काम शेतकऱ्यांपर्यंत आणि कोळी बांधवांपर्यंत नेले.

दुपारी आम्ही अवचितगडाकडे निघालो. मेढे गावाजवळून वर जाणारी वाट दाट झाडीतून जाते. गड सुमारे ३०० मीटर उंच आहे. शिलाहार राजांच्या काळापासून तो असावा असे मानतात. पुढे तो निजामशाहीत होता, मग शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आला. १८१८ साली इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने तो घेतला. वर चढून गेल्यावर दरवाजा, बुरूज, पाण्याची टाकी आणि बारा कोनांचा एक सुंदर हौद पाहायला मिळतो. मी मुलांना म्हणालो, "किल्ला, दरवाजा, बुरूज, तोफ, हौद. हे मराठी शब्द तुम्हांला अवघड वाटले का?" मुले हसली, कारण हेच शब्द ती घरी उर्दूतही वापरतात.

एका बुरुजावर देवनागरी लिपीत कोरलेला शिलालेख आहे. त्यात शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा दिवस दिला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. मुलांनी वहीत बेरीज केली : १७९६. त्या वर्षीच्या पाडव्याच्या दिवसाची आठवण त्या दगडाने जपून ठेवली आहे.

आम्ही लेख वाचत होतो, तेवढ्यात खर्‌खर्‌ असा आवाज आला. मागच्या बाकावरचा तोच मुलगा टोकदार दगडाने तटाच्या भिंतीवर आपले नाव कोरत होता. दोन अक्षरे झालीही होती. मी त्याचा हात धरला. तो घाबरला नाही. त्याने भिंतीकडे बोट दाखवले. तेथे आधीच कितीतरी नावे ओरखडलेली होती. तो म्हणाला, "सर, इतक्या लोकांनी लिहिले आहे. आणि तो शिलालेखही कोणीतरी दगडावरच कोरला आहे ना? मग त्याला आपण वहीत उतरवून घेतो आणि मला मात्र रागावता?"

प्रश्न सरळ होता. रागावून त्याचे उत्तर मिळाले नसते. मी म्हणालो, "याचे उत्तर पुढच्या रविवारी देतो. तोपर्यंत तूही विचार कर."

दुसरा रविवार : कुडा

रोह्याच्या दक्षिणेला, तळा तालुक्यात, मांदाडजवळ कुडा नावाचे गाव आहे. राजपुरीच्या खाडीकडे पाहणाऱ्या डोंगरात तेथे बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेणी म्हणजे विटा रचून बांधलेले घर नव्हे. आधी अखंड डोंगर असतो. कारागीर छिन्नी-हातोड्याने नको असलेला दगड काढून टाकतात आणि उरलेल्या दगडाचे खांब, खोल्या, ओटे तयार होतात. एकदा जास्त दगड निघाला, की तो परत लावता येत नाही. म्हणून हे काम फार विचाराने करावे लागते.

कुड्याला अशी २६ लेणी आहेत. सर्वांत जुनी लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळी या भागावर महाभोज घराण्याची सत्ता होती. खाडीतून व्यापारी गलबते येत आणि घाटमाथ्यावर जाणारा माल येथून पुढे जाई. पावसाळ्यात बौद्ध भिक्षूंनी फिरू नये, एका जागी राहावे, असा नियम होता. त्यांच्या राहण्यासाठी ही लेणी खोदली. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागी हत्ती कोरलेले आहेत आणि आत स्त्री-पुरुषांच्या जोड्यांची देखणी शिल्पे आहेत. बुद्धाच्या काही मूर्ती मागाहून, काही शतकांनी कोरल्या गेल्या.

पण मला मुलांना दाखवायचे होते ते वेगळेच. या लेण्यांत ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लेख आहेत. ते विद्वानांनी वाचले आहेत. त्यांत राजांपेक्षा साध्या माणसांचीच नावे अधिक आहेत. एक लेणे शिवभूती नावाच्या लेखकाने आपली पत्नी नंदा हिच्यासह दिले. त्या काळी लेखक म्हणजे राजाच्या दफ्तरात लिहिण्याचे काम करणारा माणूस. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने सहावे लेणे दिले. त्यात त्याची पत्नी विजया आहे, मुलगे आहेत, मुली आहेत. कोरीवकाम मुलग्यांच्या नावावर आहे, तर खांब मुलींच्या नावावर! आणखी एक लेणे वैद्याने दिले, एक माळ्याने दिले, तर एक कऱ्हाडहून आलेल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिले.

मी त्या मुलाला जवळ बोलावले आणि विचारले, "या माळ्याचे नाव दगडावर का आहे?"

तो म्हणाला, "त्याने लेणे दिले म्हणून."

"आणि भिंतीवर ओरखडलेल्या नावांनी काय दिले?"

तो काही बोलला नाही. दुसरी एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांनी दिले काहीच नाही. उलट थोडा किल्ला घेतला."

मुलांनो, हाच फरक आहे. माळ्याने आधी दिले आणि मग नाव लिहिले. त्याच्या नावामुळे आपल्याला कळते, की दोन हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठी फुले विकणारा माणूसही दान देऊ शकत होता आणि मुलींचे नाव दानात मानाने घेतले जात होते. जुन्या लेखावर खिळ्याने ओरखडा काढला, तर त्या माळ्याचे एखादे अक्षर जाते. ते पुन्हा कोणालाच वाचता येत नाही. कुड्याची लेणी राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहेत. अशा स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्याच्या भीतीपेक्षा त्या माळ्याची आठवण आपल्याला अधिक थांबवील, असे मला वाटते.

ब्राह्मी लिपी आपल्याला वाचता येत नाही. पण मुरूडला जाल, तेव्हा जवळच खोकरी येथे जंजिऱ्याच्या सिद्दींच्या दगडी कबरी आहेत, त्या जरूर पाहा. तेथे अरबी अक्षरांत मजकूर कोरलेला आहे. ती अक्षरे तुमच्या ओळखीची आहेत. इतर प्रवासी नक्षी समजून पुढे जातील. तुम्ही मात्र थांबा, एकेक अक्षर लावून पाहा आणि शेजारच्या माणसालाही ते दाखवा.

तिसरा रविवार : पेण

पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. शंभराहून अधिक वर्षे ही कला येथे चालत आली आहे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या जवळच्या गावांत घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. गणेशोत्सव दहा-अकरा दिवसांचा, पण काम जवळजवळ वर्षभर चालते. येथल्या मूर्ती महाराष्ट्रभर जातात, परदेशातही जातात.

आम्ही एका कारखान्यात गेलो. दाराशी शाडूच्या मातीची पोती होती. ही माती गुजरातेतून येते. ती भिजवतात, मळतात आणि साच्यात दाबून भरतात. साचा उघडला की मूर्तीचे भाग निघतात. ते ओल्या मातीने जोडतात. मग मूर्ती सावलीत सुकवतात. उन्हात ठेवली तर तिला तडे जातात. सुकल्यावर तिला घासून गुळगुळीत करतात. आधी पांढरा हात देतात, मग अंगाचा रंग, मग वस्त्रांचे आणि दागिन्यांचे रंग. सर्वांत शेवटी डोळे. डोळे काढण्याच्या कामाला आखणी म्हणतात. ते सर्वांना जमत नाही. एक वयस्क कारागीर श्वास रोखून बारीक कुंचल्याने डोळा काढत होते. तो पूर्ण होईपर्यंत आमच्यापैकी कोणीही हलले नाही.

आता पुष्कळ मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या होतात. त्या हलक्या आणि स्वस्त असतात, लवकर तयार होतात. पण प्लास्टर पाण्यात शाडूसारखे विरघळत नाही, म्हणून नदी-तलावांचे नुकसान होते. दुसरीकडे, हजारो हातांना या कामातून रोजगार मिळतो. हा प्रश्न सोपा नाही, असे त्या कारागिरांनीच आम्हांला सांगितले.

मुले आपल्या वह्या घेऊन नावे शोधत होती. पण एकाही मूर्तीवर कारागिराचे नाव सापडले नाही. एका मुलीने विचारले, "काका, तुम्ही तुमचे नाव लिहीत नाही?" ते हसून म्हणाले, "बाळ, ही माती. विसर्जनाच्या दिवशी पाण्यात जायची. नाव कशाला? लोक पेणची मूर्ती म्हणून ओळखतात, तेवढे पुरे."

परतीच्या आधी मी मुलांना गागोद्याबद्दल सांगितले. पेण तालुक्यातल्या या लहान गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. गरिबांना जमीन मिळावी म्हणून १९५१ पासून ते वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले आणि लोकांनी त्यांना लाखो एकर जमीन दान दिली. विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि 'कुराण-सार' हे पुस्तक तयार केले. एका मुलाने वहीतली नावे जुळवली तेव्हा आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आशियातील मानाचा मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली विनोबांना, १९५९ साली चिंतामणराव देशमुखांना आणि १९९६ साली पांडुरंगशास्त्री आठवल्यांना मिळाला. तिघांचेही नाते आपल्या या जिल्ह्याशी. आणि आम्ही म्हणत होतो, येथे पाहण्यासारखे काय आहे!

पाहताना काय लक्षात ठेवावे?

पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत निघावे. पावसाळ्यात गडाच्या वाटा निसरड्या होतात. पाणी आणि डबा बरोबर न्यावा, कचरा परत आणावा. देवळात, कबरस्तानात, लेण्यांत तेथली शिस्त पाळावी. कारखान्यात विचारल्याशिवाय कशाला हात लावू नये. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी अदबीने बोलावे, कारण पुष्कळ माहिती त्यांच्याजवळच असते. आणि जे पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

सहली संपल्यावर आठवड्याने तो मागच्या बाकावरचा मुलगा माझ्याकडे आला. शाळा सुटल्यावर दोन मित्रांना आणि मोठ्या भावाला घेऊन तो पुन्हा अवचितगडावर गेला होता. त्याने टाक्याजवळच्या प्लास्टिकच्या बाटल्या दोन पोती भरून खाली आणल्या. मग हळूच म्हणाला, "सर, ती दोन अक्षरे मी पाण्याने घासून पाहिली. गेली नाहीत."

मी म्हणालो, "ती आता जाणार नाहीत. पण तिसरे अक्षर तू लिहिले नाहीस, हे मला ठाऊक आहे."

त्याने आपली वही पुढे केली. तीन रविवारांची सगळी नावे त्यात नीट अक्षरांत लिहिली होती : शिवभूती, नंदा, शिवम, विजया, चिंतामणराव, विनोबा. मूर्तिकाराच्या नावाची जागा त्याने कोरी ठेवली होती. "काकांचे नाव विचारायचे राहिले," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी पेणला जाऊ का?"

शब्दार्थ

हशा पिकणे – सर्वांनी एकदम हसणे
मानवंदना – आदर दाखवण्यासाठी दिलेली सलामी
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
लेणे – डोंगर कोरून तयार केलेली वास्तू
तट – किल्ल्याभोवतीची भिंत
छिन्नी – दगड फोडण्याचे धारदार हत्यार
साचा – ठरावीक आकार देण्याचे साधन
कुंचला – रंग देण्याचा ब्रश
अदब – आदर, नम्रपणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुंडलिका नदी कोठे समुद्राला मिळते?
(आ) अवचितगडावरील लेखात कोणता शक दिला आहे?
(इ) मूर्तीचे डोळे काढण्याच्या कामाला काय म्हणतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी का असते?
(आ) माळ्याने कोरवलेले नाव आणि तटावर ओरखडलेले नाव यांत काय फरक आहे?
(इ) प्लास्टरच्या मूर्तींचा प्रश्न सोपा का नाही?

३. पाठातून असे पाच शब्द शोधा, जे मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जातात. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

४. शकाचे इसवी सनात रूपांतर करा : शके १६००, शके १७५०, शके १८७०.

५. उपक्रम : तुमच्या गावातील जुनी विहीर, मशीद, देऊळ, पूल किंवा शाळा यांपैकी एक वास्तू पाहा. ती कोणी बांधली, केव्हा बांधली आणि आज तिची काळजी कोण घेते, हे मोठ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.